घामाचे दाम आणि मतपेटी

दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि उत्तरेस पूर्णेचे सपाट, काळेभोर खोरे यांच्या दरम्यान, खामगावच्या पश्चिमेला वसलेल्या पिंपळगाव राजा या गावाने मोगलाई पाहिली, निजामाचा अंमल पाहिला, १८५३ नंतर वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविले गेल्यावर आलेली कचेरी, पटवारी आणि नवी जमाबंदीही पाहिली. परंतु या सर्व राजवटींच्या बदलांहून गावाच्या चुलीवर अधिक परिणाम जर कशाचा झाला असेल, तर तो खामगावच्या बाजारात कापसाला कोणत्या दिवशी काय भाव फुटला याचा. राजकीय पक्षांचा इतिहास सामान्यतः राजधान्यांतून लिहिला जातो. ज्या पक्षाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याचे मूळ मात्र असल्या भावांच्या हिशेबात असल्यामुळे, तो पिंपळगावसारख्या कापूसगावाच्या बाजूने पाहिला असताच नीट कळतो, असे मला वाटते. हा पक्ष म्हणजे शेतकरी संघटनेने १९९४ साली स्थापन केलेला स्वतंत्र भारत पक्ष.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाला एकाएकी अशी प्रतिष्ठा आली की, खामगाव ही साऱ्या वऱ्हाडची कापूसपेठ ठरली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी स्वतः येऊन जलंब ते खामगाव हा आगगाडीचा फाटा खुला केला, यावरून इंग्रज सरकारला या मालाची किती निकड होती हे दिसते. शेतातल्या पऱ्हाटीवरून वेचलेला कापूस बंड्यांमध्ये दाबून भरावा, रात्रभर बैल हाकावेत, पहाटे खामगावी अडत्याच्या दारात उभे राहावे, आणि भाव काय मिळेल हे मात्र आपल्या हाती नसावे, ही रीत तेव्हा पडली आणि बहुत काळ टिकली. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा स्वतंत्र कायदा झाला, आणि हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारांचा तो आरंभ म्हणून त्याचे कौतुकही केले जाते. परंतु त्या कायद्याने नेमलेल्या बाजारसमित्यांत माल पिकविणाऱ्याला जवळजवळ स्थान नव्हते. काटा कोणाचा असावा, दलाली किती असावी, हे ठरविताना ज्याचा कापूस तोच गैरहजर, असा तो कारभार होता.

स्वातंत्र्यानंतर हा अन्याय दूर करण्यासाठी जो उपाय योजिला गेला, तोच पुढे नव्या तक्रारीचे कारण झाला. महाराष्ट्र सरकारने १९७१ चा कायदा करून १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आणली. व्यापाऱ्याला बाजूस सारून राज्यातील सगळा कापूस सरकारतर्फे घ्यावयाचा, हमीभाव द्यावयाचा आणि नफा झाला तर तोही शेतकऱ्यास वाटावयाचा, अशी ही उदात्त कल्पना होती. आरंभी वऱ्हाडी शेतकऱ्याला ती मनापासून आवडली, हे नमूद केले पाहिजे. पुढे मात्र खरेदी केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागू लागल्या, ग्रेडर साहेबाच्या नजरेवर कापसाची प्रत ठरू लागली, चुकारे महिनोन्महिने रखडू लागले, सोसायटीचे कर्ज परस्पर कापून घेतले जाऊ लागले, आणि स्वतःचाच कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेऊन विकणे हा गुन्हा ठरला. अडत्याच्या जागी अंमलदार आला, एवढाच काय तो फरक, अशी भावना गावोगाव बळावली.

अशा भूमीत शरद जोशींचे शब्द पडले. साताऱ्यात १९३५ साली जन्मलेले, भारतीय टपाल सेवेत अधिकारी झालेले आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कचेरीत अनेक वर्षे काम केलेले हे गृहस्थ, त्या सुखाच्या नोकरीवर पाणी सोडून १९७७ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू शेती करू लागले. शेतीच्या वह्या नीट ठेवल्या तर तोटाच निघतो, आणि हा तोटा निसर्गाचा नसून धोरणाचा आहे, हा त्यांचा सिद्धांत. त्या वेळेपर्यंत शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे अज्ञान, आळस, लग्नातला खर्च आणि व्यसने यांत शोधण्याची सुशिक्षितांची प्रथा होती. हिशेबाची वही पुढे ठेवून ती प्रथा मोडणारा माणूस शेतकऱ्याला आपला न वाटता तरच नवल. चाकणच्या कांद्यापासून प्रारंभ झाला, १९७९ साली शेतकरी संघटना स्थापन झाली, १९८० साली नाशिककडे ऊस आणि कांद्यासाठी रस्ते अडले, १९८१ साली निपाणीच्या तंबाखू आंदोलनात गोळीबार होऊन शेतकरी प्राणांस मुकले. छातीवरचा गोल लाल बिल्ला आणि भीक नको, घामाचे दाम हवे, ही घोषणा, एवढ्या सामग्रीवर ही संघटना खानदेशातून, मराठवाड्यातून वऱ्हाडात उतरली.

वऱ्हाडात आल्यावर कापूस हाच तिचा विषय झाला. कृत्रिम धाग्याला झुकते माप देणाऱ्या केंद्राच्या वस्त्रधोरणाविरुद्ध १९८५ साली तिने त्या धाग्याच्या कापडाच्या होळ्या केल्या, आणि परदेशी कापडाच्या मोटारीखाली १९३० साली मुंबईत प्राण देणाऱ्या बाबू गेनूचे स्मरण या होळ्यांशी जोडले. हे जोडणे केवळ भाषणबाजीचे नव्हते. कापड कोणाच्या धाग्याचे, हा प्रश्न दोन्ही वेळी सारखाच होता. १९८६ च्या डिसेंबरात कापूस आंदोलन चालू असताना मराठवाड्यातील सुरेगाव येथे पोलिसांच्या गोळ्यांनी तीन शेतकरी मारले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे जे विशाल अधिवेशन भरले, त्याची हकीकत स्वतंत्र ग्रंथाचा विषय होईल. घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा आणि जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे निवडून आलेल्या केवळ स्त्रियांच्या ग्रामपंचायती, हे सर्व त्याच उगमातून निघाले. आणि १९९१ च्या नोव्हेंबरात, गजानन महाराजांच्या शेगावी, म्हणजे पिंपळगावापासून बंडीने गाठता येईल इतक्या अंतरावर, जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला: सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. आपले शेत आपण पिकवावे, घरी त्याच्यावर प्रक्रिया करावी, ते आपणच विकावे आणि जमेल तर देशाबाहेर धाडावे, असा त्याचा थोडक्यात अर्थ. सरकारकडे मागण्याची भाषा सोडून सरकारला बाजूस करण्याची भाषा संघटनेने येथे उघडपणे धरली, आणि पुढल्या पक्षाचे बीज, माझ्या मते, दिल्लीच्या कोणत्याही बैठकीत नव्हे, तर या शेगावच्या मेळाव्यात आहे.

तथापि पक्ष काढणे हे संघटनेच्या मूळ प्रतिज्ञेच्या विरुद्ध होते. आपण कधी मते मागावयास आलो तर जोड्याने मारा, अशा आशयाचे उद्गार जोशींनी आरंभीच्या काळात काढले होते, आणि विरोधकांनी ते कधीही विसरू दिले नाहीत. सत्तेच्या खुर्चीवर न बसता सत्ताधाऱ्याला नमविणे, निवडणुकीत फक्त शेतकऱ्याचा शत्रू पाडणे, हा पहिला विचार. १९८४ पासून विरोधी पक्षांना पाठिंबा देणे, मग सभा घेणे, मग उमेदवार सुचविणे, असे एकेक पाऊल पुढे पडत गेले. १९८९ च्या २ ऑक्टोबरला दिल्लीच्या बोट क्लबवर उत्तरेकडील शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैत यांच्या अनुयायांशी व्यासपीठावरच बेबनाव होऊन देशव्यापी शेतकरी एकजुटीचे स्वप्न विरले. १९९० च्या विधानसभेत मात्र जनता दलाच्या चक्र या चिन्हावर संघटनेचे पाच कार्यकर्ते निवडून आले. राजुऱ्याचे वामनराव चटप, वरोऱ्याचे मोरेश्वर टेमुर्डे आणि सरोज काशीकर ही त्यांतील ठळक नावे होत. टेमुर्डे तर पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने जोशींना कृषी सल्लागार समितीचे अध्यक्षपद दिले, आणि दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ केली. कर्जमाफी नव्हे, कर्जमुक्ती, असा जोशींचा आग्रह होता. शेतकरी अपराधी नाही, मग माफी कसली? हा भेद त्यांना महत्त्वाचा वाटे. गावकऱ्याने दहा हजार घेतले आणि हा भेद सभेपुरता ठेवला.

१९९१ नंतर देशाचे वारे फिरले. ज्या खुल्या बाजाराची मागणी जोशी एकटे करीत होते, ती आता अर्थमंत्र्यांच्या मुखी आली. जागतिक व्यापार करारासाठीच्या डंकेल प्रस्तावाच्या विरोधात देशातील बहुतेक शेतकरी नेते रस्त्यावर आले असता जोशींनी त्याचे समर्थन केले, आणि आपला मार्ग सर्वांहून निराळा असल्याचे मान्य करून १९९४ साली स्वतंत्र भारत पक्षाची स्थापना केली. नावात राजगोपालाचारींनी १९५९ साली काढलेल्या आणि १९७४ साली विसर्जित झालेल्या स्वतंत्र पक्षाची आठवण जाणूनबुजून ठेवलेली होती. एक विरोधाभास मात्र येथे सांगितलाच पाहिजे. १९८९ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार नोंदणीकृत होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक पक्षास आपल्या घटनेत समाजवादावर निष्ठा असल्याची ग्वाही लिहून द्यावी लागते. ज्या पक्षाचा जन्मच सरकारी समाजवादाला विरोध करण्यासाठी झाला, त्याने जन्मदाखल्यासाठी त्याच समाजवादाची शपथ घ्यावी, ही गोष्ट जोशींना सलत राहिली, आणि राज्यसभेत गेल्यावर ही अट काढून टाकण्यासाठी त्यांनी खासगी विधेयकही मांडले. ते मंजूर होण्याचा संभव नव्हता.

संघटनेतून पक्ष निघणे ही जगात नवलाची गोष्ट नाही. इंग्लंडचा मजूर पक्ष १९०० साली कामगार संघांच्याच पुढाकाराने जन्मला आणि दोन पिढ्यांत साम्राज्याचा कारभारी झाला. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात तर शेतकऱ्यांची संघटना १९२१ साली निवडणुकीस उभी राहून सरळ सत्तेवर आली आणि १९३५ पर्यंत राहिली. आपल्याकडे डॉ. दत्ता सामंतांनी १९८२ चा गिरणी संप हाताळला, तो फसला, तरीही १९८४ साली, जेव्हा साऱ्या देशात इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट उसळली होती, मुंबईतून लोकसभेत निवडून जाऊन त्यांनी ती लाट अडविली. परंतु त्यांची कामगार आघाडी गिरणगावच्या सावलीबाहेर फार वाढली नाही, आणि गिरण्या गेल्या तशी ती सावलीही गेली. इंग्लंडच्या मजूर पक्षाला कामगार संघांची वर्गणी आणि त्यांच्या शाखांचे जाळे आयते मिळाले होते. शेतकरी संघटनेत नोंदीव सभासदत्व नव्हते, वर्गणीची सक्ती नव्हती. जो आंदोलनाला येईल आणि बिल्ला लावील तो संघटनेचा, ही तिची शक्ती होती, आणि पक्षाच्या दृष्टीने तीच तिची उणीव ठरली.

आता ज्या प्रश्नापाशी मला थांबावयाचे आहे तो असा की, ज्या वऱ्हाडी शेतकऱ्याने रस्ता अडवून लाठ्या खाल्ल्या, पऱ्हाटीची वेचणी सोडून तुरुंग पाहिला, ज्याच्या बायकोने भाकरी बांधून चांदवड गाठले, त्याने मतपेटीपाशी आपल्याच पक्षाला पाठ का दाखविली? १९९५ च्या निवडणुकीत पक्षाच्या हाती यश आले नाही. जोशी लोकांच्या मतांवर पुढेही कधी निवडून आले नाहीत. शेतकरी कृतघ्न आहे, असा निष्कर्ष काही कार्यकर्त्यांनी वैतागून काढला. मला तो अन्यायाचा वाटतो. माझे म्हणणे असे की, मागणी ही गावाला एकत्र आणते, आणि मत हे गावाला विभागते. भाव वाढवून मागताना देशमुखाचा वाडा, माळ्याची बागायत, कुणब्याची चार एकर कोरडवाहू, यांत फरक पडत नाही, कारण मिळालेला भाव सर्वांच्याच गाडीला लागू होतो. निवडणुकीत मात्र एकच माणूस निवडला जातो, आणि तो कोणत्या भावकीचा, कोणत्या जातीचा, कोणाच्या शब्दावर सोसायटीचे कर्ज मंजूर करून देणारा, या गोष्टी मांडवाबाहेर ठेवता येत नाहीत. गावातील मत हे पुष्कळदा आधीच गहाण पडलेले असते, आणि गहाणखत सोडविण्याची ऐपत नव्या पक्षाजवळ नसते.

याखेरीज आणखी एक अडचण होती, जिच्याकडे संघटनेच्या लेखकांनी पुरेसे लक्ष दिले नाही. गावात शेतकरी आहेत तसे शेतमजूरही आहेत. मालाला भाव मिळाला की मजुरीही वाढेल, हा जोशींचा युक्तिवाद अर्थशास्त्रात खरा असेल. पण वेचणीच्या मजुरीसाठी बांधावर घासाघीस करणाऱ्या बाईला तो पुढल्या वर्षीचा वायदा वाटे, आणि वायद्यावर मत देण्याची तिची परिस्थिती नव्हती. जमीन ज्याची त्याची संघटना, असे मजुराच्या वस्तीने मनोमन ठरवून टाकले होते. त्यातच ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष वऱ्हाडच्या खेड्यांत शिरले. खामगावचे पांडुरंग फुंडकर १९८९ पासून लागोपाठ तीनदा अकोल्याचे खासदार झाले, आणि पुढे राज्याचे कृषिमंत्रीही. काँग्रेसवरील शेतकऱ्याचा जो राग संघटनेने दहा वर्षे नांगरून, वखरून तयार केला होता, त्यात पेरणी दुसऱ्यांनी केली. आणि पक्षाचा जाहीरनामा तरी काय सांगत होता? एकाधिकार रद्द करा, अनुदाने नकोत, सरकारने शेतकऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावे. सरकारला नमविण्यासाठी हे वाक्य प्रभावी होते. पण ज्याला सरकारात बसावयाचे आहे त्याने सरकार काहीच देणार नाही असे सांगत मते मागावीत, हे गावकऱ्याच्या व्यवहारी बुद्धीस पटणे कठीण. एकाधिकाराला शिव्या देणारा शेतकरी पडत्या भावाच्या वर्षी त्याच केंद्राच्या रांगेत उभा राही, हेही विसरता येत नाही.

पक्षाला विधानसभेत जी जागा लाभली ती २००४ साली, शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांच्या मैत्रीत असताना, आणि तीही एकच: चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा. तेथील वामनराव चटपांनी ती जिंकली. या यशाचे श्रेय सिद्धांताला किती आणि माणसाला किती, असे मला कोणी विचारले तर मी माणसाकडेच झुकेन. चटप वकील, त्याच मातीतले, कचेरीच्या पायऱ्यांवर रोज भेटणारे. खुल्या बाजारावर एक शब्द न ऐकलेला मतदारही त्यांना ओळखत होता. पुढे २०१९ साली ते तेथेच अवघ्या अडीच हजारांच्या आसपास मतांनी हरले, आणि २०२४ लाही त्याच पक्षाच्या नावावर उभे राहिले. एखाद्या तालुक्यात एका माणसाच्या चिकाटीने पक्ष जिवंत राहतो, हे खरे असले तरी शेजारच्या तालुक्यात तो नेता येत नाही.

जोशी स्वतः २००४ मध्ये शिवसेना-भाजपच्या पाठबळावर राज्यसभेत गेले. त्यांच्या तेथील कारकिर्दीतील एक दिवस सर्वांच्या स्मरणात राहिला. ९ मार्च २०१० रोजी स्त्रियांना कायदेमंडळांत एकतृतीयांश जागा राखून ठेवणारे विधेयक राज्यसभेत मतास आले, तेव्हा बाजूने १८६ मते पडली आणि विरुद्ध एकच. ते एक मत शरद जोशींचे. चांदवडला स्त्रियांचा महासागर लोटविणारा, घराघरांतून बायकांच्या नावे सात-बारा करविणारा माणूस हाच, म्हणून अनेकांना धक्का बसला. त्यांचा आक्षेप स्त्रियांच्या हक्कावर नव्हता. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीस फिरत राहिला तर कोणतीही प्रतिनिधी आपला मतदारसंघ जोपासणार नाही, असा तो होता. हा आक्षेप बरोबर की चूक हे बाजूला ठेवू. परंतु ज्या पक्षाला मतदारसंघ जोपासणे स्वतःला कधी साधले नाही, त्याच्या अध्यक्षाने त्या जोपासनेसाठी साऱ्या सभागृहाविरुद्ध एकटे उभे राहावे, यात स्वभाव मात्र पुरेपूर दिसतो. बहुमताची पर्वा न करणे हा आंदोलकाचा गुण आहे. पक्षाध्यक्षाला तो परवडत नाही. १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, आणि तो दिवस बाबू गेनूच्या हौतात्म्याचाही होता.

संघटनेच्या फांद्यांना मात्र पक्ष फुटतच राहिले. कोल्हापूरकडे राजू शेट्टींनी स्वाभिमानी शेतकरी संघटना वेगळी केली, तिचा स्वाभिमानी पक्ष झाला, आणि २००९ साली हातकणंगल्यातून ते लोकसभेत गेले. उसाच्या पट्ट्यात जे जमले ते कापसाच्या पट्ट्यात का जमले नाही, याचे एक साधे कारण साखर कारखाना हे आहे. ऊस एका धुराड्याखाली गोळा होतो, त्याचा प्रतिपक्ष डोळ्यांसमोर असतो, आणि दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर लढाईचा मुहूर्त आयता मिळतो. कापसाचे भांडण पसरट. कधी ग्रेडरशी, कधी जिनिंगवाल्याशी, कधी दिल्लीच्या आयात-निर्यात धोरणाशी, तर कधी न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराशी. शिवाय पिंपळगाव ज्यात येते त्या बुलढाणा जिल्ह्याच्या शिवारात आता कापसाच्या जोडीला सोयाबीनने एवढी जागा घेतली आहे की, जुन्या कापूस आंदोलनाची वाक्ये अर्ध्या शेतालाच लागू पडतात.

याच सोयाबीन आणि कापसाच्या भावासाठी स्वाभिमानीचे नेते रविकांत तुपकरांनी बुलढाणा जिल्ह्यात गेली अनेक वर्षे मोर्चे काढले, उपोषणे केली, अटक करवून घेतली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ते उभे राहिले, आणि त्यांना सुमारे अडीच लाख मते पडली. ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले, जागा शिवसेनेच्या प्रतापराव जाधवांकडे गेली. तरीही भावाचा प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला बुलढाण्याने एवढी मते द्यावीत, ही गोष्ट लहान नव्हे. ती मते मिळाली तेव्हा तुपकरांच्या अर्जावर स्वतंत्र भारत पक्षाचे नाव नव्हते, स्वाभिमानीचेही नव्हते. ते अपक्ष होते, आणि त्याच वर्षी पुढे स्वाभिमानीशी असलेले त्यांचे नातेही तुटले.